आरोग्याचं आमिष दाखवून कुणाला व्हीगन करू नका

मी गेली काही वर्षं मांस, मासे, अंडी, दूध, मध यातलं काहीच खात नाही, म्हणजे व्हीगन आहे. आणि या काळात मला वैताग आणला तो माझ्याच गोटातल्या लोकांनी, मांस खाणाऱ्यांनी तितका नाही. दर आठवड्याला कुणीतरी व्हिडिओ पाठवतं. वनस्पतिजन्य आहाराने मधुमेह मुळापासून गेला, गुडघे दुखायचे थांबले, चेहरा उजळला, कर्करोगाची गाठ विरघळली. खाली हात जोडलेल्यांची रांग. ते पाहून एखादा भाबडा जीव दणक्यात सुरुवात करतो, काही महिन्यांत गळून पडतो आणि पुढे जन्मभर सांगत फिरतो की हे सगळं थोतांड आहे.

म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. हा आहार औषध म्हणून विकणं बंद करा. तो घ्यायला फार चांगली कारणं आहेत, पण त्यातली सगळ्यात भक्कम कारणं आपल्या शरीराच्या बाहेर आहेत.

फायदा होतच नाही असं मी म्हणत नाही. २०२३ साली स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने एकसारख्या जुळ्यांच्या २२ जोड्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला आठ आठवडे पूर्ण व्हीगन आहार, दुसऱ्याला मांस-अंडी असलेला, आणि दोघांचंही ताट चांगल्या दर्जाचं, म्हणजे भाज्या, फळं, कडधान्यं भरपूर. व्हीगन भावंडाचं एलडीएल, म्हणजे ज्याला ‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल जास्त उतरलं, वजनही जास्त घटलं. त्याआधी २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, हॅम, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. (ही वाढ मुळातल्या शक्यतेवरची आहे. शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो असा तिचा अर्थ लावून घाबरवणारेही आमच्यातच आहेत.)

आता याच नाण्याची दुसरी बाजू आमची मंडळी कधी फॉरवर्ड करत नाहीत. ब्रिटनमधला एपिक-ऑक्सफर्ड हा अभ्यास १९९० च्या दशकापासून हजारो माणसांच्या मागावर आहे, आणि त्यात शाकाहारी आणि व्हीगन लोक मुद्दाम मोठ्या संख्येने घेतलेले आहेत. २०१९ मध्ये त्याचे आकडे आले तेव्हा शाकाहारींमध्ये हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी होता आणि पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त. पुढच्या वर्षी हाडांचं आलं. व्हीगन लोकांत हाडं मोडण्याचं प्रमाण मांस खाणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त. कॅल्शियम आणि प्रोटीन किती खातात हे हिशेबात धरलं की फरक कमी होतो, पण पुरता पुसला जात नाही.

मी हे वाचून घाबरलो नाही, आहारही बदलला नाही. कॅल्शियम घातलेलं सोया दूध आणि टोफू नियमाने खायला लागलो आणि वजनं उचलायला लागलो. पण जो माणूस फक्त तब्येतीसाठी यात आलाय, त्याने हे वाचल्यावर काय करावं? त्याच्यापुढे प्रामाणिक उत्तर एकच उरतं: मांस कमी कर, प्रक्रिया केलेलं बंद कर, कडधान्यं वाढव, मासे अधूनमधून खा. निव्वळ आरोग्याचा तर्क शेवटपर्यंत नेला तर तो ‘कमी खा’ इथे पोचतो. ‘अजिबात नको’ इथे तो पोचत नाही, कितीही ढकलला तरी.

लोक यातून बाहेर का पडतात याची आमच्याकडे चर्चाच होत नाही, जणू बाहेर पडलेली माणसं मेली. अमेरिकेतल्या फॉनॅलिटिक्स या संस्थेने २०१४ साली अकरा हजारांवर प्रौढांना विचारलं होतं. ही संस्था प्राण्यांच्याच बाजूची, त्यामुळे आकडे मुद्दाम वाईट दाखवायचं तिला कारण नव्हतं. शाकाहारी किंवा व्हीगन झालेल्यांपैकी ८४ टक्के लोक पुन्हा मांसाकडे वळले होते, आणि सोडणाऱ्यांतले साधारण एक तृतीयांश तर पहिल्या तीन महिन्यांतच. मला त्यातलं आणखी एक निरीक्षण जास्त महत्त्वाचं वाटतं. सोडून गेलेल्यांना विचारलं की सुरुवात का केली होतीत, तर निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलेलं असं कारण एकच निघालं, आरोग्य. टिकून राहिलेल्यांकडे मात्र एकाहून जास्त कारणं होती.

यात नवल नाही. शरीराशी सौदा केला की शरीराकडून रोज वसुली हवी असते. केस गळले, झोप उडाली, सर्दी चिकटली, ऑफिसात थकवा आला, तर दोष ताटाला. हीच माणसं मांस खात होती तेव्हाही केस गळतच होते, फक्त तेव्हा कुणी ताटाकडे बघत नव्हतं.

मग टिकतात कोण? माझ्या ओळखीतल्यांत पहिला गट गमतीशीर आहे. त्यांना दूध पचत नाही. जगातल्या प्रौढांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांत लहानपणानंतर दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर कमी होतं, म्हणजे दूध न पचणं ही माणसाची नेहमीची अवस्था आणि पचणं हा अपवाद. या लोकांना ना तत्त्वज्ञान माहीत, ना पर्यावरणाचा हिशेब. दूध सुटलं, पोट शांत झालं, दोन दिवसांत पावती मिळाली. त्यातले काही तिथेच थांबतात, काही हळूहळू पुढे सरकतात, आणि त्यांच्याइतकी कमी कटकट करणारी माणसं आमच्या कंपूत दुसरी नाहीत.

दुसरा गट जमिनीचा हिशेब मांडणाऱ्यांचा. मी स्वतः अर्धा यातला. २०१८ मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून दाखवलं की मांस, दूध, अंडी आणि पाळीव मासे यांना जगातल्या शेतजमिनीपैकी सुमारे ८३ टक्के लागते. त्यातून माणसाला मिळतात १८ टक्के कॅलरी आणि ३७ टक्के प्रोटीन. हे सगळं खाणं जगाने थांबवलं तर शेतीखालची जमीन तीन चतुर्थांशाने कमी होऊ शकते. ‘सोयाबीनसाठी जंगलं तुटतात, ते तुम्हीच खाता ना?’ असं मला विचारणारा हमखास भेटतो. जगातल्या सोयाबीनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोंबड्या, डुकरं, गुरं आणि मासे खातात. माझा टोफू त्या ढिगाच्या कोपऱ्यात कुठेतरी असेल. ‘शेतीतही उंदीर, किडे मरतात’ यालाही तेच उत्तर. मरतात, आणि चारा-पेंडीसाठी जास्त शेती लागते म्हणून तिकडे जास्त मरतात.

तिसरा गट जनावरांसाठी आलेला, आणि खरे टिकाऊ हेच. मांसाचं सगळ्यांना कळतं, पण यातल्या बहुतेकांना हलवलं ते अंड्यांनी आणि दुधाने. अंडी देणाऱ्या जातीच्या कोंबडीचं नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसाच्या जातीइतकं भरतही नाही, म्हणून उबवणी केंद्रांत ते पहिल्याच दिवशी मारलं जातं. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली. बंदी घालावी लागते म्हणजे पद्धत किती सर्रास असेल ते बघा. गाय दूध द्यायला वासरू व्हावं लागतं, ते वारंवार व्हावं लागतं, आणि झालेल्यांपैकी निम्मे नर असतात. त्यांचं पुढे काय होतं हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. माझ्या डोक्यातून निघाला नाही. हे कारण माझ्या कोलेस्टेरॉलवर अवलंबून नाही, उद्या मला ताप आला तरी ते जागेवरच असतं.

इंग्लंडमध्ये १९४४ साली व्हीगन सोसायटी स्थापन करणारे डोनाल्ड वॉटसन याच गटातले. लहानपणी काकांच्या शेतावर डुक्कर मारताना त्यांनी पाहिलं आणि चौदाव्या वर्षी मांस सोडलं. ते ९५ वर्षं जगले. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही, तेव्हा कृपया याचंही पोस्टर करू नका.

कारण १९४४ च्या त्या पहिल्या लोकांना एक गोष्ट माहीत असणंच शक्य नव्हतं, बी-१२. हे जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं १९४८ मध्ये. त्याआधी १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी एका जीवघेण्या रक्तक्षयावर रुग्णांना रोज यकृत खायला घालून त्यांना वाचवलं होतं, १९३४ मध्ये त्यांना आणि व्हिपल या संशोधकांना नोबेलही मिळालं, पण यकृतात नेमकं काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सुरुवातीच्या काही व्हीगन मंडळींना मुंग्या येणं, जीभ सोलवटणं असे त्रास झाले ते याच अज्ञानातून. आज ते अज्ञान कुणाकडे असायला नको, तरी आहे.

बी-१२ झाडं बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत. ते जिवाणू बनवतात. ‘भाज्या न धुता खा, मातीतून मिळतं’ हा सल्ला देणाऱ्याला आधी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट मागा. स्पिरुलिनात बी-१२ सारखं दिसणारं जे असतं ते बहुतांशी शरीराला वापरता येत नाही. फसवणूक होते ती यामुळे की यकृतात याचा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरू शकतो. म्हणून पहिलं वर्ष झकास जातं, माणूस छाती काढून सांगतो की मला गोळीबिळी लागत नाही. त्यात हिरव्या भाज्या आणि डाळींतून फोलेट हे बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व भरपूर जातं, आणि फोलेटमुळे रक्तातला बिघाड झाकला जातो. रक्त बरं दिसतं आणि आतल्या आत नसा बिघडत राहतात. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरणं. उशीर झाला तर हे सगळं परत भरून येईलच असं नाही.

प्रौढ माणसाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास. मग गोळीवर १,००० का लिहिलेलं असतं? पोटात तयार होणारं जे प्रथिन बी-१२ ला हाताला धरून आत नेतं, त्याची एका वेळची क्षमता दीड-दोन मायक्रोग्रॅमची. त्यापुढचं जे झिरपतं ते साधारण एक टक्का. म्हणून मोठा डोस. किती आणि कितीदा हे डॉक्टरांना विचारा, पण ‘घ्यायची का’ हा प्रश्न विचारूच नका. आणि कुणी ‘म्हणजे तुमचा आहार अनैसर्गिक’ म्हणालं तर मी वाद घालत नाही, कारण बरोबर आहे ते. माझा चष्माही अनैसर्गिक आहे.

प्रोटीनबद्दल लिहायचा मला कंटाळा आहे. डाळी, कडधान्यं, सोया, दाणे, पुरेशा कॅलरी, झालं. लोहाकडे जास्त लक्ष द्या, विशेषतः मासिक पाळी येणाऱ्या बायकांनी. जेवणात आंबट फळ किंवा लिंबू असावं, आणि चहा-कॉफी जेवणाला चिकटून घेऊ नये. पहिले काही आठवडे पोटात वारा धरेल, कारण आतड्यातल्या जिवाणूंना एवढ्या तंतूंची सवय नसते. कडधान्यं भिजवून ते पाणी फेका आणि हळूहळू वाढवा.

लहान मुलांचं मात्र सांभाळून. २०१६ साली अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने म्हटलं की नीट आखलेला व्हीगन आहार गरोदरपणापासून म्हातारपणापर्यंत चालतो, आणि त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने म्हटलं की गरोदर स्त्रिया, बाळं आणि वाढत्या मुलांसाठी आम्ही तो सुचवत नाही. दोन्हीकडे जाणकारच बसलेले होते. अशा वेळी व्हिडिओ पाहून बाळाचं दूध बदलणाऱ्या आईबापांना मी हात जोडून सांगतो, आधी बालरोगतज्ज्ञाकडे जा.

आणि ज्या अडचणीवर कुठली गोळी नाही ती म्हणजे माणसं. भूक, चव, स्वयंपाक हे सगळं जमतं. जमत नाही ते दर जेवणाला वेगळं असणं. आई म्हणते, ‘एवढंसं खाल्लंस तर काय बिघडतंय?’ आणि त्या एवढ्याशात तिचा दिवसभराचा जीव असतो. मित्र आधी थट्टा करतात, मग बोलवायला कचरतात, आणि ते कचरणं थट्टेपेक्षा जास्त लागतं. मी बोलावल्याशिवाय भाषण करत नाही, जाताना एक पदार्थ सगळ्यांना पुरेल इतका करून नेतो, आणि आईला आधीच फोन करून सांगतो की मला काय चालेल. एवढ्यावर बरंच भागतं, सगळं नाही. घरात एकाचीही साथ असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या पाहण्यात एकट्याने सुरू करून टिकलेले फार थोडे.

आता ज्यांनी हा आहार करून सोडला त्यांच्याशी बोलायचंय. का सुरू केला होतात, किती काळ चालला, नेमका कशावर अडला, जमेल तितकं मोकळेपणाने लिहा. बी-१२ घेत होतात का तेही सांगा. तुम्हाला समजवायला किंवा लाजवायला आमच्यातलं कुणी आलं, तर त्याची कमेंट मी उडवणार आहे.