सोसायटीच्या हॉलमध्ये पत्ते नकोत म्हणे

दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना ब्रिज शिकवायचा, असा अर्ज मी कमिटीला दिला होता. परवा तो फेटाळला. 'ताई, आज पत्ते, उद्या पैसे लागतील.' हे ऐकवणारे गृहस्थ गोकुळाष्टमीच्या रात्री आमच्याच गच्चीवर तीन पत्तीचा फड जमवतात. असो.

राग त्यांच्यावर थोडा, ब्रिज फेडरेशन ऑफ इंडियावर जास्त. राष्ट्रीय स्पर्धा भरवणं, संघ निवडणं ही कामं फेडरेशनकडे आहेतच. २०१८ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये ब्रिज पहिल्यांदा आला आणि साठीचे प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार सुवर्णपदक घेऊन आले. पुढे हांगझोऊला पुरुष संघानं रौप्य मिळवलं. पण माझ्या कमिटीला यातलं काही ठाऊक नाही, आणि ते ठाऊक करून देणं हे फेडरेशनचंच काम, असं माझं ठाम मत आहे.

एक पानभर मराठी पत्रक काढा हो! त्यात लिहा की १९६८ साली सुप्रीम कोर्टानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हा तुलनेला ब्रिजच घेतला होता. आणि डुप्लिकेट ब्रिज समजावून सांगा. 'सगळा नशिबाचा खेळ' म्हणणाऱ्याचं तोंड तिथेच बंद होतं. एका टेबलावर वाटलेले पत्ते जसेच्या तसे बोर्डात, म्हणजे चार कप्प्यांच्या ट्रेमध्ये, घालून दुसऱ्या टेबलावर जातात. तिथे माझ्या जागी बसलेल्याला माझेच तेरा पत्ते मिळतात. त्यानं दहा हात केले आणि मी आठच, तर मी रडणार कुणाच्या नावानं? पत्ते वाईट आले म्हणायची सोयच नाही. (भिडूच्या नावानं रडता येतं, ते सगळेच रडतात.)

शिवाय मराठी घराला ब्रिज परका नाही. मे महिन्यात मेंढीकोट खेळलेल्या पोराला भिडू, हुकूम, उतारी, हात हे सगळं येतं. तीनशे चार खेळलेल्याला बोलीसुद्धा येते. माझे बाबा लोकलनं मुलुंड ते व्हीटी उभ्याउभ्या गेले तरी कुणाच्या तरी ब्रीफकेसवर डाव मांडलेला असायचा. इस्पिकची राणी कुणाकडे अडकली आहे हे ते भायखळ्याच्या आत सांगायचे. उरतं काय? बोलीतून भिडूला आपल्याकडचे पत्ते कसे कळवायचे, ते. तेवढंच शिकवायचं, पण ते जिमखान्याच्या एसी खोलीत इंग्रजीत शिकवलं, तर मुलुंडच्या चाळीतलं पोरगं तिथवर पोचणार कसं? महापालिकेच्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर तासभर द्या, मराठीत बोला, मग बघा. खेळाडू साठीतच चमकतात हे छान आहे, पण ते साठीतच सुरुवात करतात असा समज व्हायला नको.

तोवर माझ्या घरच्या हॉलमध्ये दोन टेबलं मावतात. दोन टेबलं म्हणजे चार-चारच्या दोन टीमा समोरासमोर, दोन्ही टेबलांवर तेच पत्ते. रविवारी दहा वाजता आठ मुलं हवीत. सहा ठरलीत. पोहे मी करते.