प्रशिक्षकाचा मुलगा

अर्जुन तेंडुलकरचं नाव निघालं की घरच्यांच्या आणि शाळेच्या दोन्ही ग्रुपवर तोच वाद पेटतो. २०२२ मध्ये तो मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला लागला, पर्वरीला राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पणातच १२० धावा केल्या, तरी ‘सचिनचा मुलगा नसता तर घेतला असता का?’ हे काही थांबलं नाही. घराणेशाहीची चीड मलाही आहे. पण सिडनीच्या पश्चिम भागात राहून रग्बी लीग (तेरा-तेरा खेळाडूंची रग्बी) बघायला लागल्यापासून वाटतं, आपण भलत्याच प्रश्नावर भांडतोय.

इथल्या पेनरिथ पँथर्स क्लबचा सात नंबर, म्हणजे संघाच्या चाली रचणारा खेळाडू, नेथन क्लिअरी. वडील आयव्हन याच खेळातले. २००२ ची ग्रँड फायनल (लीगचा अंतिम सामना) न्यूझीलंडच्या वॉरियर्सकडून खेळले आणि हरले, २०११ ला त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून पुन्हा हरले. असं घर लाभणं हा मोठाच फायदा, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण २०१५ च्या अखेरीस पेनरिथने आयव्हनना प्रशिक्षकपदावरून काढलं. पुढच्या वर्षी, अठराव्या वर्षी, नेथनला पहिल्या संघात उतरवलं ते नवे प्रशिक्षक अँथनी ग्रिफिन यांनी. वडील पेनरिथला परतले २०१९ ला, वेस्ट्स टायगर्स या दुसऱ्या क्लबचा करार पुरा न करता. त्यावरून इथेही भरपूर टीका झाली, आणि त्या वर्षी संघ दहावा आल्यावर तर जास्तच. २०२० मध्ये कोविडचे नियम मोडले म्हणून नेथनवर दोन सामन्यांची बंदी आली.

२०२१ ते २०२४ पेनरिथने सलग चार विजेतेपदं जिंकली. त्यातली २०२३ ची फायनल मला अजून लख्ख आठवते. ब्रिस्बेन २४-८ ने पुढे, नेथनचा जोडीदार जरोम लुआई खांद्याच्या दुखापतीने बाहेर. मग नेथनच्या पासवर मोझेस लिओटाची ट्राय, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं. त्यानंतर ४०/२० किक: आपल्या चाळीस मीटरच्या रेषेमागून मारलेला चेंडू टप्पा घेऊन समोरच्यांच्या वीस मीटरच्या आत मैदानाबाहेर गेला, की मारणाऱ्यालाच परत मिळतो. त्यातून दुसरी ट्राय. शेवटच्या मिनिटांत नेथनने स्वतः बचाव भेदून ट्राय केली, ट्रायनंतर मिळणारी गोलची किकही त्यानेच मारली, २६-२४. आडनाव बघून तिथे कुणी टॅकल सोडत नाही.

तरीही मला नेथनपेक्षा लुआई महत्त्वाचा वाटतो. तो माउंट ड्रुइटचा, सामोअन वंशाचा. तो भाग सरकारी घरांचा, गरिबीसाठी बदनाम. प्रशिक्षकाचा मुलगा आणि माउंट ड्रुइटचा मुलगा एकाच क्लबच्या वयोगटांतून वर आले आणि फायनलला शेजारी शेजारी उभे राहिले. त्यांच्याच संघातला ब्रायन टोओही त्याच भागातला. शनिवारी सकाळी इथल्या कुठल्याही पार्कवर जा: आईवडीलच चुन्याच्या रेषा मारतायत, कुणी शेगडीवर सॉसेज भाजतंय, मध्यंतरात पोरांना संत्र्याच्या फोडी वाटल्या जातायत. नोंदणीची फी इथेही कित्येक घरांना जड जाते, पण मैदान सार्वजनिक आहे आणि सामना दर आठवड्याला ठरलेला आहे.

माझ्या शाळेचं मैदान आता लग्नांना भाड्याने जातं. तिथला एखादा डावखुरा पोरगा अर्जुनइतकाच जोरात चेंडू टाकत असेल, तर त्याला बघणार कोण? मांजरेकर पितापुत्र दोघेही भारताकडून कसोटी खेळले, आणि संजयच्या फलंदाजीकडे बघताना कुणी विजयरावांचा वशिला काढला नाही, कारण धावा समोर होत्या. अर्जुनलाही खेळू द्या. विकेट निघाल्या नाहीत तर बसवा, आणि तसं बसवायची हिंमत निवड समितीत आहे का, हे विचारा. जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख तालुक्याच्या पोराला वेळेवर कळते का, तिथपर्यंत जायला त्याच्या हातात एसटीचं भाडं असतं का, यावर रात्रभर भांडायची माझी तयारी आहे.