टोंगळे वाजले म्हणून माय घरी बसली

गेल्या सोमवारपासून माझी माय शेताकडं फिरायला जात नाही. परभणीजवळच्या आमच्या गावात दिवस उगवायच्या आत बायकांचा घोळका निघतो, तिच्याशिवाय निघायलाय. विचारलं तर म्हणाली, "टोंगळे वाजायलेत रे. वंगण संपलं म्हणे, चाललं की हाडं घासतेत."

हे 'म्हणे' भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपातलं. मेसेज असा : गुडघे कटकट वाजले की वंगण संपलं समजा, चालणं-जिना बंद, रात्री रुईचं पान बांधा, बाभळीच्या शेंगांची पावडर 21 दिवस घ्या, वंगण पुन्हा भरतं, आंबट सोडा.

गुडघा म्हणजे बैलगाडीचा आस नाही, की वंगण घातलं अन् कुरकुर थांबली. धडधाकट गुडघ्यातलं वंगणही चहाचा चमचा भरणार नाही इतकंच असतं. सांधा ताणला की त्यात वायूची पोकळी होते, तेव्हा 'टक्' वाजतं. 2015 साली कॅनडातल्या संशोधकांनी बोटं मोडताना एमआरआयमध्ये हे टिपलंय. कधी स्नायूची दोरी हाडावरून सरकते, कधी वाटीमागची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर, खरखरते. कबड्डी खेळणाऱ्या माझ्या भाच्याचे गुडघे मायपेक्षा जोरात वाजतात.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. 2017 साली अमेरिकेत सुमारे साडेतीन हजार लोकांचा अभ्यास छापून आला. ज्यांचे गुडघे सारखे वाजतात, त्यांना पुढं झिजेचा त्रास होण्याची शक्यता त्यात जास्त दिसली. पण म्हणून बाजेवर बसून राहा, असं कुणी सांगितलं?

खरा राग तिथंच आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो-सुटतो तसं तिचं पोषण होतं. बसून राहिलं की मांडीचा स्नायू वाळतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत झिजेवर व्यायाम सगळ्या रुग्णांना द्या म्हटलंय. सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं, हे आधीच सांगा, असंही. हीच ओळ मायला दोनदा वाचून दाखवली. तिनं चाळीस वर्षं उकिडवं बसून खुरपलं, त्यात वजन वाढलेलं. या दोन्हींबद्दल मेसेजात अवाक्षर नाही.

रुईचा चीक कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर नजरेवर बेततं. बाभळीच्या शेंगा शेळ्या जन्मभर खातात, त्यांच्या वंगणाचं कुणी मोजलंय का? आणि बाजारातल्या बिनानावाच्या पुडीनं दोन दिवसांत आराम पडला तर आधी शंका घ्या, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार सापडलेत. आंबटावर शब्द वाया घालवत नाही.

गुडघा सुजला, अडकून बसला, चालताना दगा देऊ लागला, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या वर राहिला, तर आवाज असो-नसो, हाडाच्या डॉक्टरला दाखवा. गरम-लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी.

काल माय मारुतीच्या पारापर्यंत जाऊन आली. टोंगळे वाजलेच. आल्यावर विचारते, "मग ती आणलेली पावडर शेळीला घालू का?"