‘दर वाढवा, शिकवत बसू नका’ : हे आमच्या मशीनवर टिकत नाही

सोलापुरातल्या युनिफॉर्म शिलाईवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : “कामगाराला शिकवत बसू नका. पीसमागे मजुरीचा दर वाढवा, टार्गेट लावा, माल आपोआप वाढतो. शिकवण्याचा फायदा मोजता येत नाही, आणि शिकलेला माणूस शेजारच्या युनिटला जातो.” मी अक्कलकोट रोडला लाइन सुपरवायझर आहे. मला यातलं काहीच पटत नाही.

दर वाढला की हात भरभर चालतो, हे खरं. पण चुकणारा हात चुकतोही भरभर, आणि संध्याकाळी चेकिंगच्या टेबलावर ऑल्टरचा, म्हणजे उसवून दुरुस्त करायच्या मालाचा, ढीग लागतो. गेल्या हंगामात कॉलरच्या मशीनवरच्या अक्कांचा माल कमी पडत होता. टार्गेट सांगून झालं, आवाज चढवून झाला. तो आवाज माझा होता, याचं आजही वाईट वाटतं. शेवटी स्टूल घेऊन शेजारी बसलो. “अक्का, कुठं अडतंय?” मशीन न थांबवता त्या म्हणाल्या, “कात्रीच सापडत नाही, साहेब.” दर कॉलरनंतर कात्री कापडाखाली जायची आणि त्या चाचपडत राहायच्या. आम्ही ती इलॅस्टिकनं टेबलाला बांधली. बंडल डावीकडे ठेवायचं त्यांनीच सुचवलं. कॉलरमागे ५ सेकंद वाचले, तरी ४०० कॉलरमागे अर्ध्या तासाहून जास्त वेळ हाती येतो. हा वेळ दर वाढवून कुठून आणणार?

मोजता येत नाही म्हणे! वहीत दोन रकाने पुरतात : ताशी पीस आणि शंभरात ऑल्टर. शिकवण्याआधी आठवडाभर लिहा, नंतर महिनाभर. स्टाइल तीच हवी, मशीन तेच. साधा शर्ट आणि अस्तराचा ब्लेझर एका मापानं मोजू नका. अमेरिकेत १९४० साली ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हे कारखान्यातच काम शिकवण्याचं प्रशिक्षण सुरू झालं, युद्धानंतर ते जपानी कारखान्यांत गेलं. त्याची रीत साधी : करून दाखवा, करून घ्या, नंतर पुन्हा येऊन बघा. आपण पहिल्या दिवशी दाखवतो आणि परत फिरकत नाही. मग फायदा दिसणार कसा?

राहिला माणूस जाण्याचा मुद्दा. जातात काही. पण जूनमध्ये शाळा उघडल्या की काम आटतं, आणि “बोलावतो” म्हणून आपणच त्यांना घरी बसवतो. दोन महिने बिनपगारी कोण वाट बघेल? हंगामानंतर कुणाला काम राहील ते एप्रिलमध्येच सांगा, आणि मग विचारा की शिकलेला माणूस गेला का.