‘एआयनं लिहिलं तर चोरी कशी?’ या मेसेजला उत्तर

प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले, की नागपुरातल्या कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत एआयचं नावच नाही, म्हणून ती चोरी नाही, एआय सगळं नेटवरूनच काढतं, म्हणून संदर्भ खरेच असतात, आणि डिटेक्टरला, म्हणजे मजकूर एआयचा आहे का हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला, काही सिद्ध करता येत नाही. शेवटी ‘टेन्शन नको घेऊ बे’.

आधी नियम. वाङ्मयचौर्याबद्दलचे यूजीसीचे नियम २०१८ चे, चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्यात नाव असणार कुठून? पण त्याच नियमांप्रमाणे प्रबंध, लघुप्रबंध देणाऱ्यानं लेखी हमी द्यायची असते, की हे मी स्वतः तयार केलं आणि हे माझं मूळ काम आहे. दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांच्या आत आलं म्हणून ती हमी खरी होत नाही. खाली सही तुमची असते.

संदर्भांचा दावा मात्र सगळ्यात घातक. एआयची ही मॉडेलं मागच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत मजकूर रचतात. नेटवर शोधायची सोय जोडली तरी सापडलेलं पान चुकीचं वाचलं जाऊ शकतं. विदर्भाच्या अनुशेषाचंच, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या तुटीचंच घ्या. ती तपासणाऱ्या दोन सरकारी समित्या. दांडेकर समिती १९८३ ची, तिचा अहवाल १९८४ चा; केळकर समितीचा अहवाल २०१३ चा. एकीचे आकडे दुसरीच्या नावावर, सोबत पृष्ठक्रमांक आणि कधी छापलंच न गेलेलं एखादं पुस्तक, असं सगळं एआय अस्खलित मराठीत देऊ शकतं. वाचताना कुठेच अडखळायला होत नाही, हीच खरी अडचण. न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेल्या अशाच सहा अस्तित्वात नसलेल्या खटल्यांचे दाखले कोर्टात दिले आणि २०२३ मध्ये ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. त्यातल्या एकानं ‘हा खटला खरा आहे ना?’ असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. त्यानं हो म्हटलं!

डिटेक्टरबद्दल मेसेज बराचसा बरोबर आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध सरासरीनं एआयचे ठरले. मराठी माध्यमातून आलेल्या पोरीच्या सरळसाध्या इंग्रजीवर नुसत्या टक्केवारीवरून शिक्का मारणाऱ्या प्राध्यापकांनीही हे वाचावं. पण त्यातून ‘मग कोण पकडणार?’ हा निष्कर्ष निघत नाही. तोंडी परीक्षेत ‘दांडेकरांनी अनुशेष मोजला कसा?’ एवढं विचारलं, की जिल्हा हा घटक आणि राज्याची सरासरी हा मापदंड, हे न वाचलेल्याला सांगता येत नाही. तिथे डिटेक्टर लागतोच कशाला?

एआय वापरूच नये, असं मी म्हणत नाही. अवघड परिच्छेद समजावून घ्या, आपल्या मुद्द्यांवर त्याला उलटे प्रश्न विचारायला लावा, इंग्रजी तपासून घ्या. कच्चे मसुदे जपून ठेवा, उद्या कुणी शंका घेतली तर दाखवायला होतील. गाइडची परवानगी आधी घ्या, कारण विभागागणिक उत्तर वेगळं मिळू शकतं. आणि प्रोजेक्टच्या सुरुवातीला एक ओळ टाका: ‘भाषा तपासण्यासाठी अमुक साधन वापरलं, आकडे मूळ अहवालातून घेतले.’ अर्थात, तो अहवाल उघडलेला असेल तरच.