किलोमीटरला सहा लिटर आणि भाचीचा तक्ता

‘रेल्वे पर्यावरणपूरक? जागे व्हा!’ हा मेसेज मी तीन ग्रुपवर पाहिला आणि तीनदा सोडून दिला. परवा बहिणीकडे गेलो, तर आठवीतल्या भाचीच्या विज्ञान प्रकल्पाच्या तक्त्यावर लाल स्केचपेननं लिहिलेलं: ‘कार – लिटरला 20 किमी. रेल्वे – किलोमीटरला 6 लिटर. म्हणजे रेल्वे 120 पट उधळी.’ कुठून आणलंस विचारलं, तर म्हणे आजोबांनी पाठवलं. आजोबा म्हणजे आमचे अप्पाच. आता बोलायलाच हवं.

पहिलं हे 120 पट प्रकरण. सहा लिटरचा आकडा मी मुकाट मान्य करतो. डिझेल इंजिनाला लांब गाडी ओढायला साधारण तेवढं लागू शकतं. पण अहो, त्या गाडीत बसलेली माणसं कुठे गेली? स्लीपरच्या एका डब्यात 72 ते 80 बर्थ. बावीस डब्यांच्या गाडीत, इंजिनामागचे सामानाचे डबे वगळूनही, 1,200 माणसं सहज असतात. जनरलच्या दाराला लटकलेली तर मी धरतच नाही. 6,000 मिलिलिटर भागिले 1,200, म्हणजे माणशी किलोमीटरला 5 मिलिलिटर. कारला किलोमीटरला 50. चौघं बसले तर माणशी साडेबारा, आणि अप्पा एकटेच बँकेत निघाले तर पूर्ण 50. म्हणजे दहापट उधळे अप्पा. वरणाचं पातेलं आणि वाटी शेजारी ठेवून ‘पातेल्यात जास्त वरण लागतं’ म्हणण्यासारखं हे आहे. पंगत किती जणांची हे विचारायचंच नाही!

हाच भागाकार एसटीला लावला तर मात्र गंमत होते. लिटरला 5 किलोमीटर धरा, सीट 44. माणशी साडेचार मिलिलिटर. भरलेली लाल परी डिझेलच्या रेल्वेला किंचित मागे टाकते. मेसेज लिहिणाऱ्याला हे सुचलं असतं तर निदान वाद घालण्यासारखं काही हाती आलं असतं.

त्याच मेसेजमधला दुसरा मुद्दा: ‘विजेची गाडी म्हणजे कोळशाचीच गाडी, विद्युतीकरण ही धूळफेक.’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. देशातली जवळजवळ तीनचतुर्थांश वीज कोळशावर होते. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि चाकापर्यंत तीनेक युनिट काम पोचतं. तेवढंच काम विजेवर करायचं तर ग्रिडमधून, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यातून, पावणेचार युनिट घ्यावी लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशोबानं ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.72 किलो कार्बन डायऑक्साइड. गुणा: पुन्हा 2.7! बरोबरी.

पण कागदावरची. प्रत्यक्षात काय होतं ते कसाऱ्याला जाऊन बघा. कसारा ते इगतपुरी चढ 37 ला 1. गाडीला मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन, लावून वर ढकलावं लागतं. डिझेल इंजिन हा घाट उतरताना सगळी ताकद ब्रेकमधून उष्णता करून हवेत सोडतं. नव्या थ्री-फेज विजेच्या इंजिनाच्या मोटारी मात्र उतरताना जनरेटर होतात, वीज तारेत परत जाते आणि समोरून चढणाऱ्या गाडीच्या कामी येते. मुंबईची नवी लोकल दर दोन-तीन मिनिटांनी ब्रेक मारते आणि घेतलेल्या विजेतली साधारण 30 टक्के अशीच परत करते. डिझेल परत टाकीत भरणारं इंजिन अजून कुणी काढलेलं नाही. शिवाय जुनं डिझेल इंजिन यार्डात नुसतं घरघरत उभं राहिलं तरी तासाला 20-25 लिटर पितं. आणि आज घेतलेलं विजेचं इंजिन 35 वर्षं चालतं. तेवढ्यात ग्रिडमध्ये सौर-पवन वाढली की तेच इंजिन, काही न बदलता, स्वच्छ होतं.

‘एवढं लोखंडाचं धूड ओढण्यात शक्ती वाया’ हा तिसरा. लोखंडी रुळावर लोखंडी चाक टनामागे एक-दोन किलोच्या जोरानं सरकत राहतं. डांबरी रस्त्यावर कारच्या रबरी टायरला दहाएक किलो लागतात. बास.

‘मालासाठी ट्रकच किफायतशीर’ म्हणे. मग कोकण रेल्वेवर 1999 पासून भरलेले ट्रक कोलाडहून वेर्ण्यापर्यंत रो-रोच्या, म्हणजे अख्खा ट्रक वाहून नेणाऱ्या, वाघिणींवर चढून का जातात? भाडं ट्रकमालकच भरतात, आणि ते हौसेला पैसे घालवणाऱ्यांतले नव्हेत.

अप्पांना आकडा छापील लागतो, म्हणून एक देतो. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीचा 2019 चा रेल्वेवरचा अहवाल. त्यात भारतावर वेगळं प्रकरणच आहे. जगातली 8 टक्के प्रवासी आणि 7 टक्के मालवाहतूक रेल्वे करते, आणि वाहतुकीला लागणाऱ्या एकूण ऊर्जेतली तिला लागते फक्त 2 टक्के.

भाचीनं हे ऐकून तक्त्यावर नवा कागद चिकटवला. मग स्केचपेन हातात धरून विचारते, “मामा, डिझेलमध्ये पहिली एसटीच ना? तसंच लिहू?”

लिही म्हटलं. फक्त पुढे ‘पूर्ण भरलेली’ असं टाक.