पहाटे पाचला जहाजावर कॉफी मागून दाखवा

रात्री दीड वाजता पिझ्झा मिळतो. गरमागरम, चीज ओघळणारा, कुणीही या आणि कितीही उचला. दोन वाजता बार चालू असतो. तीन वाजता कसिनोत लखलखाट असतो आणि खेळणाऱ्याचा ग्लास रिकामा राहू नये म्हणून एक माणूस खास तैनात असतो. आणि पहाटे पाचला एखाद्या बाईला एक कप बरी कॉफी हवी असेल तर? चार-पाच हजार माणसं पोटात घेऊन चाललेल्या त्या जहाजावर चिटपाखरूही तिची दखल घेत नाही.

भूमध्य समुद्रातली क्रूझ. बार्सिलोना, मार्सेलिस, जिनोआ, नेपल्स, पालेर्मो, टूरवाल्यांच्या जाहिरातीत असते तीच. 'सर्व जेवणखाण समाविष्ट' हे ठळक अक्षरात. खोटं नाही म्हणा ते, समाविष्ट असतं. फक्त त्या समाविष्टात जी कॉफी येते ती एकदा पिऊन बघा.

मी काही कॉफीची नाटकं करणाऱ्यांतली नाही. मला कुठल्या मळ्यातली, किती उंचीवरची, हे काही नको. मी माटुंग्याची. आमच्याकडे राम आश्रय पहाटे पाचला उघडतं, १९३९ पासूनचं हॉटेल, आणि त्या वेळी तिथे डबऱ्यात, म्हणजे पेल्याखालच्या वाटीत, ओतून वाफाळती फिल्टर कॉफी मिळते. फिरायला निघालेले आजोबा, रात्रपाळी संपवून आलेले, पहिली लोकल पकडणारे, सगळ्यांना मिळते. जहाजवाल्यांकडे जाहिरातीत सांगतात तेवढी रेस्टॉरंट्स आणि ढीगभर स्वयंपाकी, पण पाचला एक कप कॉफी द्यायला जमत नाही.

फुकटच्या कॉफीचं मशीन असतं बुफेच्या मजल्यावर. स्टीलचं खोकं, समोर चित्रांची बटणं. पहाटे तिथे निम्मे दिवे बंद, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, एक जण व्हॅक्युम फिरवतोय. बटण दाबलं की आतून घरघर येते. मग कपात गरम पाण्याची धार पडते आणि तिच्या बाजूनं एक काळी, दाट, बारीक धार. संपलं. दळणं नाही, गाळणं नाही. आत पिशवीत कॉफीचा अर्क भरलेला असतो, मशीन तो पाण्यात कालवून देतं. वास करपट, चव कडवट, आणि घोट गिळल्यावर जिभेवर काहीच उरत नाही. लग्नाच्या हॉलवर रात्री उरलेली कॉफी सकाळी पाणी घालून गरम करावी, तशी लागते. बरं, दूध? गरम दूध नाहीच. एक तर बर्फात ठेवलेल्या जगमधलं थंडगार, नाही तर नखानं सोलायच्या त्या अंगठ्याएवढ्या डब्या. आधीच कोमट कॉफी, त्यात गार दूध. ती प्यायची कशी, घटाघटा की नाक दाबून?

आता चांगली कॉफी जहाजावर नाहीच का? आहे ना! तोच तर संताप आहे. पाचव्या-सहाव्या मजल्यावर, मधल्या चौकात, काचेच्या जिन्याशेजारी झकास कॅफे आहे. पितळी नळ्यांचं भलंमोठं इटालियन मशीन, वर ओळीनं मांडलेले कप, दाणे दळायचं यंत्र. पण पाचला गेलं तर काउंटरवर दोरी आणि तिला अडकवलेली पाटी: सात वाजता उघडेल. सातला! सातला तर माझा दिवस अर्धा सरलेला असतो. आणि उघडल्यावर ती फुकट नाही. कपाला युरो मोजायचे, वर सर्व्हिस चार्ज. नको असेल तर पेयांचं पॅकेज घ्या म्हणतात. घ्यायला गेले तर कळलं की एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांनी ते घ्यायचं. माझा नवरा पाण्याशिवाय दुसरं काही पीत नाही. म्हणजे माझ्या एका सकाळच्या कपासाठी त्याच्याही नावानं रोजचे पैसे भरायचे, आणि भरूनही कॅफे उघडणार सातलाच.

यात हलगर्जीपणा कुठेच नाही, हा सगळा हिशेब आहे. रात्री जागणारा माणूस दारू पितो, जुगार खेळतो, पैसे सोडतो. पहाटे उठणारा काय करतो? डेकवर चालतो, सूर्योदय बघतो, फोटो काढतो. त्याच्याकडून दमडी सुटत नाही. मग त्याच्यासाठी एक माणूस दोन तास आधी कशाला उठवायचा? आणि फुकटची कॉफी चांगली केली तर सातनंतर कॅफेत कोण जाणार? ती वाईट आहे कारण ती वाईटच असायला हवी आहे. हे एकदा डोक्यात शिरलं की त्या कपाचा आणखी राग येतो.

वर कारणं ऐका. एका सहप्रवाशानं मला समजावलं, जहाजावरचं पाणी समुद्राचं असतं हो, म्हणून चव बिघडते. असतं, मान्य. समुद्राचं पाणी उकळून वाफ धरतात किंवा दाबाखाली पडद्यातून गाळतात, मग त्यात क्षार परत मिसळतात, क्लोरीन घालतात. पण काका, सातला उघडणाऱ्या कॅफेत काय बिसलेरी वापरतात? तेच पाणी, तीच टाकी. तिथे कॉफी फक्कड होते. दोन ठिकाणी पाणी एकच असेल तर खोट पाण्यात कशी?

दुसरं कारण आगीचं. केबिनमध्ये केटल नाही, आणायची नाही, इस्त्री नाही, पाणी तापवायचा रॉड नाही. बॅगा एक्सरेमधून जातात, सापडली की काढून घेतात. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नाही, त्यामुळे या नियमावर माझा आक्षेप नाही. पण मग इंग्रज प्रवाशांसाठी चालणाऱ्या कित्येक जहाजांवर केबिनमध्ये केटल, कप, चहाच्या पुड्या कंपनीच कशी ठेवते? त्यांची जहाजं पाण्यावर चालत नाहीत का? त्यांना सकाळी चहा मिळाला नाही तर ते तिकीटच काढणार नाहीत, हे कंपन्यांना ठाऊक आहे. आम्ही मात्र निमूट कप घेतो आणि 'चलता है' म्हणतो.

मी फिल्टर घेऊन गेले होते. स्टीलचा, दोन मजली, आपला नेहमीचा. वायर नाही, त्यामुळे तपासणीत सुटला. ऐंशी-वीसची, म्हणजे वीस टक्के चिकोरीवाली पावडरही होती. हवं होतं फक्त उकळतं पाणी. तर बुफेच्या मशीनचं 'गरम पाणी' हे बोट बुडवता येईल इतपत गरम. त्यात थर्मास थेट नळाखाली धरायचा नाही, जंतू पसरतात म्हणून पाटी. ठीक, तेही पटतं. मग कप भर, थर्मासात ओत, परत कप भर. तोवर पाणी आणखी निवलं. केबिनमध्ये येऊन आरशासमोरच्या फळीवर फिल्टर मांडला, चकती दाबली, पाणी ओतलं, झाकण लावलं आणि बसले बघत. थेंब पडायला लागले तेव्हा ते पारदर्शक तांबूस होते. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट काढा, तो कसला, पावडर नुसती भिजली. नवरा पांघरुणातून म्हणतो, "वास मस्त येतोय गं." वासच तेवढा आला.

रूम सर्व्हिसचा पर्याय आहे म्हणे. रात्री दाराच्या मुठीला कार्ड अडकवायचं, हव्या त्या चौकोनात खूण करायची. सगळ्यात लवकरची वेळ साडेसहा ते सात. आणि थर्मासमधून येतं काय? त्याच खोक्यातलं. फक्त ट्रेवर, रुमालासकट.

या सगळ्यात जहाजावरच्या पोरांना बोल लावायचा नाही. बुफेवर एक गोव्याचा होता, घरात तीन पिढ्या तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. सात-आठ महिने घराबाहेर, झोप जेमतेम. माझं तोंड बघून हळूच म्हणाला, "मॅडम, आम्ही पण ही पीत नाय. आमच्याकडे इन्स्टंटची बाटली असते." बघा! जो वाढतो तोच पीत नाही.

आणि दुःख असं की चांगली कॉफी आणि जहाज यांचं वैर मुळीच नाही. मॉन्सून्ड मलबार नावाची आपली कॉफी जगात विकली जाते, ती जन्मली जहाजातच. शिडाच्या जहाजांतून मलबारच्या किनाऱ्यावरून दाणे युरोपला जायचे, आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने. तळघरातल्या दमट खाऱ्या हवेनं दाणे फुगायचे, फिके पडायचे, आंबटपणा जायचा, आणि तीच चव तिकडच्या लोकांना आवडू लागली. पुढे वाफेची जहाजं आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, प्रवास आटोपशीर झाला आणि चव बदलली. तर आपल्या लोकांनी पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये दाणे पसरून तीच चव परत आणली. म्हणजे एके काळी बोटीच्या तळाशी नुसती पडून राहून कॉफी सुधारायची. आता वातानुकूलित किचन आणि झुंबरं असलेल्या बोटीवर तिची वाट लागते.

मार्सेलिसला आमचा अख्खा ग्रुप पहाटे उठला होता. १९१० मध्ये सावरकरांनी बोटीतून उडी मारली ती जागा नक्की कुठली, यावर रेलिंगपाशी जोरात वाद चालला होता. प्रत्येकाच्या हातात तेच तपकिरी पाणी. चहावाल्यांची अवस्था तर विचारू नका, कोमट पाण्यात टी-बॅग बुचकळून बुचकळून हात दुखले. टूर मॅनेजर बिचारा थ्री-इन-वनच्या पुड्या वाटत फिरत होता, "काकू, घ्या, ॲडजस्ट करा." काकूंनी किती ॲडजस्ट करायचं?

पण कळस झाला नेपल्सला. पहाटे जहाज आत शिरत होतं, समोर व्हेसुव्हियस ज्वालामुखी, खाली बंदर, गावातले दिवे. हे इटलीतलं कॉफीचं माहेरघर. इथे बार, म्हणजे कॉफीची दुकानं, भल्या पहाटे उघडतात, लोक काउंटरशी उभ्यानं एक घोट मारतात आणि कामाला जातात, साधारण युरो-सव्वा युरोत. इथे ओळखदेख नसलेल्या गरजूसाठी एका जास्तीच्या कपाचे पैसे भरून ठेवायची जुनी रीत आहे. घाईतल्या गिऱ्हाइकाला झटपट कॉफी मिळावी म्हणून वाफेवरच्या मशीनचं पेटंटही एका इटालियनानंच घेतलं, १८८४ मध्ये, तुरिनमध्ये. त्या देशाच्या धक्क्याला आमचं जहाज लागलेलं, आणि मी बाराव्या मजल्यावर पिशवीतला अर्क पीत उभी. उतरता येत नाही, बंदराची परवानगी यायची असते. परवानगी आली तोवर पॉम्पेईची बस सुटायची वेळ झाली. बसच्या खिडकीतून मला पाच बार दिसले. पाचही उघडे.

घरी सांगितलं तर म्हणतात, अगं सुट्टीवर आहेस तर झोपायचंस की सातपर्यंत! का झोपू? समुद्रावरचा सूर्योदय बघायला लाखभर रुपये मोजलेत, तो काय कॅफेच्या वेळापत्रकानं उगवणार आहे?

परत आल्यावर कंपनीचा फॉर्म आला. करमणुकीला किती गुण, गालिच्यांच्या स्वच्छतेला किती, स्विमिंग पूलच्या टॉवेलला किती. कॉफीचा रकाना नाही. शेवटच्या 'इतर' मध्ये मी सगळं लिहिलं, मर्यादेत बसेना म्हणून दोनदा कापलं. चार दिवसांनी उत्तर आलं: आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभार, पुढच्या सफरीत आमच्या कॅफेच्या कॉफी कार्डावर आपल्याला दहा टक्के सूट. सातला उघडणाऱ्या कॅफेच्या!